मेलेल्या माशाचा पंचनामा

लवासातल्या दासव्याच्या काठावर उभे राहिले की समोर पसरलेले पाणी वरसगाव धरणाचे असते. मोसे नदी अडवून झालेला हा वीर बाजी पासलकर जलाशय. शनिवार-रविवारी येणारा पर्यटक त्याची छायाचित्रे काढतो, भाजलेले कणीस खातो आणि संध्याकाळी घाट उतरतो. हेच पाणी पुढे खडकवासल्याला जाते आणि तिथून पुणेकरांच्या नळाला येते, हे त्याच्या बहुधा गावी नसते. आणि या पाण्यात मासे असतात, त्यांवर कोणाचे तरी घर चालते, हे तर त्याच्या ताटात मासा आला तरी लक्षात येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या मोठ्या जलाशयांत गेल्या काही दशकांत मासा ‘सापडण्याची’ गोष्ट मागे पडून मासा ‘वाढवण्याची’ सुरू झाली. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली पावसाळ्यात सोडली जाते. तलाव ठेक्याने जातो. राज्यात अनेक ठिकाणी जाळ्यांच्या पिंजऱ्यांत पंगस आणि तिलापिया दाटीवाटीने पाळले जातात.

समजा, अशा एखाद्या जलाशयात एका सकाळी तिलापिया, म्हणजे भीमाकाठची चिलापी, उलटी तरंगताना दिसली. पहिल्या दिवशी दहा-वीस, तिसऱ्या दिवशी टोपलीभर, आठव्या दिवशी मोजता येणार नाही इतकी. पुढे काय होते, हे मुळा-मुठेपासून उजनीपर्यंत कोणालाही सांगता येईल. बातमी येते. कोणी म्हणते कारखान्याने रसायन सोडले, कोणी म्हणते कोणीतरी विष टाकले. अधिकारी येतात, पाण्याची बाटली भरून नेतात, पंचनामा होतो. त्यात बहुतेक वेळा ‘पाण्यातील प्राणवायू कमी झाल्याने’ असे वाक्य पडते. तोपर्यंत मेलेले मासे खड्ड्यात पुरलेले असतात. पाण्याचा अहवाल येतो, माशाचा येत नाही. कारण मासा तपासायला कोणी नेलेलाच नसतो.

प्राणवायू कमी होऊन मासे मरतात, हे खरेच आहे, आणि आपल्याकडच्या सांडपाण्याने भरलेल्या नद्यांत ते वरचेवर घडते. पण त्या मरणाची एक ठेवण असते. ते पहाटे घडते, कारण रात्रभर पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू बनवत नाहीत, वापरतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. मोठे मासे आधी जातात. जाती निवडल्या जात नाहीत आणि बहुतेक सगळे एका रात्रीत आटोपते. विषाणूची चाल वेगळी असते. तो एका जातीला धरतो. त्याच पाण्यातले रोहू-कटला पोहत असतात आणि तिलापियाच मरते. मरणाचा आकडा दिवसागणिक चढत जातो. मासा खाणे सोडतो, सुस्त होतो, अंग काळवंडते, कातडीवर चट्टे पडतात, डोळे धुरकट होतात किंवा आत जातात. जाळ्यावर रोज जाणाऱ्या कातकरी किंवा भोई माणसाला हा फरक दिसतो. पण त्याला विचारण्याची पद्धत पंचनाम्याच्या कागदात नाही.

तिलापियाच्या बाबतीत हा फरक ओळखायला जगाला पाच वर्षे लागली. इस्रायलमधल्या गालीलच्या सरोवरात आणि आसपासच्या मत्स्यतळ्यांत २००९ पासून तिलापिया मोठ्या संख्येने मरू लागली. त्याच तळ्यांतले इतर मासे ठणठणीत होते. जिवाणू, परजीवी, विषारी द्रव्ये यांवर नेहमीप्रमाणे संशय घेऊन झाला. अखेर २०१४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी आजारी माशांच्या अवयवांतून एक नवा विषाणू वेगळा काढला, निरोगी माशांना तो टोचून तोच आजार घडवून दाखवला आणि त्याला ‘तिलापिया लेक व्हायरस’ असे नाव दिले. जे मासे या आजारातून वाचले त्यांना पुन्हा तो झाला नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. दोन वर्षांनी त्याचा जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा तो दहा तुकड्यांत विभागलेला निघाला. त्यातल्या एकाच तुकड्याचे इन्फ्लुएन्झाच्या एका विषाणूशी पुसटसे साम्य होते, उरलेले नऊ तोवर माहीत असलेल्या कशाशीच जुळत नव्हते. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमध्ये तिलापियाच्या यकृताचा जो गूढ रोग वर्णिला गेला होता, त्यामागेही हाच निघाला.

यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग थायलंडचा आहे. २०१७ मध्ये तिथे हा विषाणू सापडला, तेव्हा संशोधकांनी शीतपेटीत जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढले. २०१२ पासूनच्या नमुन्यांत तो निघाला. म्हणजे पाच वर्षे तो हॅचरीतून निघणाऱ्या इवल्या पिलांबरोबर फिरत होता, आणि ती पिले अनेक देशांत विकली गेली होती. नवीन तळ्यात पिले सोडली की महिन्याभरात ती मरतात, असा अनुभव तिथले शेतकरी आधीपासून सांगत होते. पाणी बदलले म्हणून, प्रवासाचा ताण झाला म्हणून, अशी कारणे त्याला चिकटवली जात होती. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगाला इशारा दिला. भारताला फार वाट पाहावी लागली नाही. २०१८ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या पाळीव नाइल तिलापियांत हा विषाणू असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. आज तो जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहे.

आता कोणी म्हणेल, मग करोनासारखी आरटी-पीसीआर चाचणी करा आणि मोकळे व्हा. चाचणी हवीच. पण चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. या विशिष्ट विषाणूचा जनुक इथे आहे का, एवढेच ती सांगते. नवा विषाणू असेल तर ती ‘नाही’ म्हणते आणि सगळे निर्धास्त होतात. उलट बाजूनेही फसगत होते. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात आलेला आणि पुढे देशभर पसरलेला माशांच्या अंगावरच्या जखमांचा साथरोग आठवावा. मरळ, पंटी अशा माशांच्या अंगावर खोल लाल व्रण पडत. आग्नेय आशियात अशा माशांतून ऱ्हाब्डोविषाणू वेगळे काढले गेले होते, त्यामुळे गुन्हेगार विषाणूच, असा अनेकांचा समज झाला. बऱ्याच संशोधनानंतर खरा सूत्रधार निघाला तो पाण्यात वाढणारा, बुरशीसारखा दिसणारा आफानोमायसीस. विषाणू सापडणे आणि विषाणूने मारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या जोडायला सूक्ष्मदर्शकाखाली अवयवांचे काप पाहावे लागतात, विषाणू वाढवावा लागतो आणि तो पुन्हा निरोगी माशाला देऊन पाहावा लागतो.

विषाणू वाढवायचा तर त्याला जिवंत पेशी लागतात. तो साखरेच्या पाण्यात किंवा मांसाच्या रश्श्यावर वाढत नाही. माणसाच्या विषाणूसाठी माणसाच्या किंवा माकडाच्या पेशी चालतात. माशाच्या विषाणूला माशाच्याच पेशी लागतात, त्याही शक्यतो त्याच किंवा जवळच्या जातीच्या, आणि माशाच्याच तापमानाला. काचेच्या तळाशी पसरलेल्या पेशींच्या पातळ थरावर आजारी माशाच्या यकृताचा गाळलेला अर्क टाकायचा आणि रोज पाहत राहायचे. विषाणू असेल तर काही दिवसांत पेशी गोल होतात, सुटतात, थराला भोके पडतात. अशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणारी माशाच्या पेशींची मालिका, जिला शास्त्रज्ञ सेल लाइन म्हणतात, पहिल्यांदा अमेरिकेत १९६२ मध्ये ट्राउटपासून तयार झाली. थंड पाण्यातल्या ट्राउटच्या पेशी आपल्या रोहूच्या रोगाला फारशा उपयोगाच्या नाहीत.

आणि इथे पुण्याचा संबंध येतो, जो पुणेकरांना फारसा ठाऊक नाही. रोहूच्या शेपटीच्या परापासून पेशी वाढवण्याचे काम डॉ. वझीर सिंग लाकरा आणि डॉ. रमेश भोंडे यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. भोंडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले, म्हणजे गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातले. चार वर्षांनी, २००० साली, ‘करंट सायन्स’मध्ये सोनेरी महसीरच्या परापासून वाढवलेल्या पेशींवरचा निबंध आला. त्यातही हे दोघे होते, आणि सोबत होते लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या मत्स्यकेंद्रातले एस. एन. ओगले. मुळशी धरण बांधणाऱ्या टाटांनी १९७० च्या दशकापासून वळवणला महसीरची पैदास सुरू ठेवली आहे. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय नावच ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतून त्याचे वर्णन केले. आज त्या मुळा-मुठेत महसीर शोधणे म्हणजे विनोद ठरेल, तो भाग वेगळा. मुद्दा असा की माशाचा विषाणू पकडण्याचे मूळ कसब मुळशी-मावळच्या डोंगरांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर पंचवीस वर्षांपूर्वीच होते. नंतर देशात इतरत्र, लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत आणि तमिळनाडूतल्या मेलविशारमच्या महाविद्यालयात, हे काम पुष्कळ पुढे गेले. लखनौला तर माशांच्या पेशींचे राष्ट्रीय भांडारच आहे.

पुण्याला विषाणूशास्त्राची राजधानी म्हणतात, ते वावगे नाही. १९५२ पासून इथे विषाणू संशोधन केंद्र आहे, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागातल्या जंगलात माकडे मरून पडू लागली, माणसेही तापाने आजारी पडू लागली. पुण्याचे शास्त्रज्ञ तिकडे गेले, नमुने आणले आणि क्यासानूर जंगलतापाचा विषाणू सापडला. मेलेल्या माकडाकडे कोणी ‘उन्हाने मेले असेल’ म्हणून पाहिले असते, तर ते ज्ञान किती वर्षे लांबले असते कोण जाणे. मेलेल्या माशाकडे मात्र आपण आजही तसेच पाहतो.

मासा माकडासारखा आपल्याला रोग देत नाही, हे इथेच स्पष्ट केले पाहिजे, कारण अशी बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी बाजारात मासा पडून राहतो. तिलापिया लेक व्हायरस माणसाला होत नाही. कार्प माशांचे नागीण गटातले विषाणूही माणसाला होत नाहीत. नीट शिजवलेला ताजा मासा खायला काहीच हरकत नाही. मेलेला, फुगलेला मासा कोणत्याही कारणाने मेला असला तरी खाऊ नये, हे सांगायला विषाणूशास्त्र लागत नाही. या रोगांत नुकसान होते ते पाळणाऱ्याचे. जपानमधल्या कासुमिगौरा सरोवरात २००३ च्या शरद ऋतूत कोई हर्पीसने हजार टनांहून अधिक पाळीव कार्प मासे मारले. पिंजऱ्यात ही जोखीम आणखी दाट होते. एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकाच हॅचरीतले हजारो मासे एकमेकांना घासून राहतात आणि जाळीतून पाणी आत-बाहेर जात राहते. म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यात, आणि बाहेरच्या रानमाशांतही.

नेमके निदान नसले की दुसरी एक चूक होते आणि तिचा त्रास माणसापर्यंत पोहोचतो. विषाणूने खंगलेल्या माशावर एरोमोनाससारखे जिवाणू चढतात, जखमा दिसतात, आणि दुकानदार प्रतिजैविकाची पुडी देतो. खाद्यात मिसळलेले औषध विषाणूला काही करत नाही, मासे मरतच राहतात, आणि पाण्यातले जिवाणू औषधाला निर्ढावतात. पश्चिम बंगालमधल्या शोभेच्या माशांच्या शेतांत गोल्डफिश मरू लागले तेव्हा २०१६ च्या अभ्यासात हेच जोडपे सापडले. मूळ आजार नागीण गटातल्या विषाणूचा होता आणि सोबतीला अनेक औषधांना न जुमानणारा एरोमोनास. वरसगावसारख्या, शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या जलाशयांच्या बाबतीत हा विचार तरी शिवणार का?

मग व्यवस्था काय आहे? कागदावर ती आहे, आणि अगदी वाईटही नाही. जलचर प्राण्यांच्या रोगांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. लखनौचा ब्यूरो त्याचा समन्वय करतो, तर महाराष्ट्राला जवळचे नाव मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे. २०२३ च्या जूनमध्ये शेतकऱ्याने थेट रोग कळवावा म्हणून मोबाइल ॲपही आले. दासव्याच्या पलीकडच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते, हा तपशील बहुधा ॲप बनवणाऱ्यांना कोणी सांगितला नसावा. पण खरी अडचण रेंजची नाही, वेळेची आहे. मेलेला मासा उन्हात दोन-चार तासांत कुजू लागतो आणि त्यातला विषाणू वाढवण्याची शक्यता मावळते. उपयोगी ठरतो तो मरायला टेकलेला, अजून कल्ले हलवणारा मासा. त्याचे यकृत, मेंदू, मूत्रपिंड, प्लीहा काढून एक तुकडा पीसीआरसाठी अल्कोहोलमध्ये, एक काप पाहण्यासाठी फॉर्मालिनमध्ये आणि एक पेशींवर वाढवण्यासाठी बर्फावर, गोठू न देता, एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत. सगळेच फॉर्मालिनमध्ये बुडवले की विषाणू वाढत नाही. हे काम अवघड नाही, पण ते कोणाला तरी शिकवावे लागते, आणि त्याच्याकडे तीन बाटल्या आणि थर्मोकोलचा डबा आधीपासून असावा लागतो.

तो ‘कोणीतरी’ कोण, हे आजही ठरलेले नाही. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात माणसे मोजकी, आणि त्यांच्यावर ठेके, अनुदाने, बीजवाटप यांचा भार. पुण्यातच औंधला पशुरोग अन्वेषणाची शासकीय प्रयोगशाळा आहे. बर्ड फ्लूच्या, लम्पीच्या काळात तिच्याकडे नमुने धावत गेले. गाय, शेळी, कोंबडी यांच्यासाठी जे टेबल आहे त्याच्या शेजारी माशासाठी एक टेबल मांडायला नवे भवन बांधावे लागणार नाही. तिथे पहिली तपासणी व्हावी, न उलगडलेले नमुने वर्सोव्याला जावेत, आणि प्रत्येक नमुन्याचा एक भाग उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत तारीख-ठिकाणासह राहावा. थायलंडला २०१२ चा पुरावा २०१७ मध्ये मिळाला तो अशाच एका पेटीमुळे. आड येतात ती खाती. मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा, प्रयोगशाळा पशुसंवर्धनाची, पाणी जलसंपदेचे आणि मेल्यावर दुर्गंधी ग्रामपंचायतीची.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. वीज, कर्ज, विमा यांत मच्छीमारांनाही शेतकऱ्यांप्रमाणे सवलती मिळाव्यात, असा त्याचा हेतू. पण पिकाच्या विम्यात नुकसानीचे कारण लिहावे लागते. गारपिटीचा पुरावा शेतात पडलेला दिसतो, विषाणूचा दिसत नाही. ज्याच्या पंचनाम्यात ‘प्राणवायू कमी’ असे लिहिले जाते, त्याला विमा कंपनी सहज म्हणू शकेल की पिंजऱ्यात मासे जास्त भरलेत, चूक तुमची. निदान नसल्याची किंमत अशी थेट त्याच्या खिशातून जाते. शिवाय तो रोग कळवणार तरी का? कळवला की त्याच्या माशाचा भाव पडतो, शेजारचा त्याच्याकडे बोट दाखवतो, आणि हातात काही येत नाही. कोंबड्यांच्या बाबतीत शासनाने हे ओळखले. बर्ड फ्लूमुळे पक्षी नष्ट केले तर भरपाई मिळते. माशाच्या बाबतीत रोग लवकर कळवणाऱ्याला काही मिळत नसेल, तर तो गपचूप उरलेला माल बाजारात विकून मोकळा होईल, आणि त्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य ठरणार नाही.

राहता राहिले बीज. विषाणू स्वतःहून घाट चढत नाही. तो प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, टेम्पोत बसून येतो. पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यांतून, कधी दुसऱ्या राज्यांतून मत्स्यबीजाचे टेम्पो मुळशी-मावळच्या जलाशयांकडे येतात. बीज किती, कोणत्या जातीचे, कोणत्या आकाराचे, हे मोजले जाते. ते कोणत्या हॅचरीचे आणि त्याची तपासणी केव्हा झाली, याचा कागद त्या टेम्पोत असलाच पाहिजे, असा आग्रह ठेका देणाऱ्या खात्याला धरता येतो. कराराच्या अटींत एक ओळ घालायची आहे, आणि काही पिले, मूठभर, तपासणीसाठी बाजूला काढायची आहेत. बाहेरचे तिलापियाचे बीज येणार असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या तळ्यात ठेवून मगच ते मोठ्या पाण्यात सोडायचे. घरातला काचेचा टँक नकोसा झाला म्हणून कोई आणि सकर मासे धरणात आणून सोडणाऱ्या शहरी माणसालाही हे लागू आहे; उजनीत सकर कसा पोहोचला आणि त्याने जाळी कशी फाडली, हे भिगवणच्या मच्छीमारांना विचारावे. पुढच्या जूनमध्ये पहिला टेम्पो घाट चढेल तेव्हा त्या पिशव्यांसोबत तपासणीचा कागद असेल की नाही, हे ठरवायला आता मोजकेच महिने आहेत.